स्क्रीन आली, रजिस्टर कधी जाणार?

मोहन नगर, दुर्ग-भिलाई (छत्तीसगड)

प्रति,
मा. महासंचालक,
प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक), पुणे

महोदय,



आपले मुख्यालय पुण्यात, म्हणून हे पत्र मराठीत. रुग्णालयांसाठीची ‘ई-सुश्रुत’ ही प्रणाली तुमच्या नोएडाच्या केंद्रात घडली हे मला ठाऊक आहे. पण पाटी पुण्याची आहे आणि गाऱ्हाणे मुख्य दारातच घालावे. आपल्याला मराठी वाचता येत नसेल तर आपल्याच इमारतीत वाचून दाखवणारे पन्नास जण सहज सापडतील. पत्र खुले ठेवले, कारण यातले बरेचसे एनआयसीच्या ‘ई-हॉस्पिटल’लाही लागू आहे आणि उरलेले रुग्णालयांच्या प्रशासनाला. शिवाय वॉर्डात सध्या ज्या मुली राबताहेत त्यांनीही ते वाचावे असे वाटते.

मी निवृत्त स्टाफ नर्स. नागपुरात जीएनएम केले, लग्न होऊन दुर्गला आले आणि नोकरीची सारी वर्षे इथल्याच रुग्णालयांत काढली. मोहन नगरात राहते. दुर्ग कुठे संपते आणि भिलाई कुठे सुरू होते हे आता टपालखात्यालाच कळत असेल. इथली मराठी घरे तीन खेपांत आलेली: काही भोसल्यांच्या अमलापासूनची, काही रेल्वेबरोबरची आणि काही 1955 च्या भारत-सोव्हिएत करारानंतर पोलाद कारखान्याबरोबरची. वॉर्डात मल्याळी सिस्टर, ओडिया सिस्टर, छत्तीसगडी मावशी आणि माझ्यासारखी नागपुरी बाई एकाच ड्रेसिंग ट्रॉलीभोवती असायची, आणि सगळ्यांचे आपसात हिंदीवर भागायचे.

दुर्ग-भिलाईत रुग्णालय म्हटले की लोकांना आधी आठवते ते सेक्टर 9, म्हणजे पोलाद कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय. मी लिहिते आहे ते त्याच्याविषयी नाही. मी जिथे होते ती रुग्णालये त्याहून बरीच लहान. त्यांची नावे घेत नाही, कारण जे सांगणार आहे ते चंद्रपूरलाही होते आणि कोल्हापूरलाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. रुग्णालयात संगणक आला की नोंदणीच्या खिडकीचे काम हलके होते, भांडाराचे होते, बिलाचे होते, राजधानीला पाठवायच्या अहवालाचे होते. सिस्टरचे तेवढे वाढते. या सगळ्यांना लागणारी माहिती शेवटी वॉर्डातच जन्माला येते, ती भरायला सिस्टरच असते, आणि तिच्या टेबलावरचे जुने रजिस्टर कोणी उचलून नेत नाही.

पहाटेच्या सॅम्पलचेच बघा. साडेपाचपासून रक्त काढायला सुरुवात होते. एका रुग्णाच्या चार चार व्हायल: सीबीसीची जांभळ्या टोपणाची, शुगरची करडी, किडनी-लिव्हरची लाल, रक्त गोठण्याच्या तपासणीची निळी. प्रत्येकीवर बॉलपेनने नाव, वय, स्त्री की पुरुष, वॉर्ड, खाट, तारीख, वेळ. व्हायल बोटाएवढी, तिच्यावरचा कागद दोन नखांएवढा, हातात ग्लोव्हज, आणि वॉर्डातले निम्मे दिवे रुग्ण झोपलेत म्हणून बंद. मग तपासणीचा फॉर्म. त्यावर पुन्हा तेच नाव, तेच वय, तीच खाट. मग सॅम्पल रजिस्टर, पुन्हा तेच. लॅबचा पोरगा येऊन रजिस्टरवर सही करतो आणि ट्रे घेऊन जातो.

संगणक आला तेव्हा आम्हाला वाटले, सुटलो. झाले असे की फॉर्म भरायचाच, रजिस्टर लिहायचेच, आणि वर स्क्रीनवर रिक्विझिशन टाकायची. ती टाकली नाही तर लॅब नमुना घेत नाही. रजिस्टरवर सही नसेल तर उद्या नमुना हरवल्याचे खापर आपल्यावर. म्हणजे दोन्ही हवे. गंमत अशी की त्या प्रणालीत बारकोडचे लेबल छापायची सोय होती. नाव, नंबर, तपासणी सगळे एका चिकटपट्टीवर. व्हायलला लावली की झाले. पण लेबल छापणारे यंत्र तळमजल्यावर नोंदणीच्या खिडकीत बसवले होते आणि आमचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. वॉर्डासाठी वेगळे यंत्र मागितले तर उत्तर आले, बजेट नाही. असे यंत्र एखाद्या साध्या मोबाइलच्या किमतीत येते. ज्या सभागृहात प्रणालीचे उद्घाटन झाले तिथल्या फुलांच्या सजावटीतून दोन तरी आली असती, असे आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या होत्या. अर्थात मोठ्याने नाही.

सिस्टरचे ओझे हलके करायची भाषा हल्ली निघाली की लगेच कृत्रिम बुद्धिमत्तेवर येते. तिथवर जरूर जा. पण वाटेत दुसऱ्या मजल्यावर एक लेबल-प्रिंटर ठेवून जा.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि ही जास्त गंभीर आहे. रात्रपाळीला तीस-बत्तीस रुग्णांमागे एक सिस्टर हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वॉर्डात कॉम्प्युटर एकच, तोही नर्सिंग स्टेशनच्या कोपऱ्यात. रात्री दोन वाजता सात नंबरच्या खाटेवरच्या रुग्णाचा बीपी पडतो. ती मोजते, आकडा तळहातावर किंवा ग्लोव्हजच्या रिकाम्या पाकिटामागे लिहून ठेवते, डॉक्टरांना फोन लावते, सलाइन वाढवते, पायाकडची बाजू उंच करते. सहा वाजता, पाळी संपत आली की, त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून रात्रभराचे आकडे ओळीने भरते. संगणक प्रामाणिक. तो प्रत्येक नोंदीपुढे भरल्याची वेळ टाकतो: 6.04, 6.05, 6.07. पुढे नातेवाइकांनी तक्रार केली आणि चौकशी बसली की छापील कागद सांगतो, दोन वाजता रुग्णाकडे कोणी फिरकलेच नाही. एका नव्या मुलीच्या बाबतीत हेच झाले. ती फिरकली होती, धावली होती. तिला मेमो मिळाला.

त्यानंतर सगळ्या वॉर्डांना परिपत्रक आले: नोंदी वेळच्या वेळी कराव्यात. परिपत्रकाला कागद एक लागतो, खाटेजवळ नेता येईल अशा टॅबला पैसे लागतात. माझे तुमच्याकडे मागणे असे की, आकडा घेतल्याची वेळ आणि आकडा भरल्याची वेळ असे दोन रकाने द्या, दोन्ही छापू द्या, आणि पहिला रकाना सिस्टरला भरू द्या. ती खोटे लिहील ही भीती असेल तर कागदावर तिला ती मुभा कायमच होती. टीपीआर चार्टवर अख्ख्या वॉर्डाची नाडी 78 आणि श्वास 18 लागलेला मी कितीदा पाहिला आहे. माणसे कमी आणि चार्ट पुष्कळ असले की सगळे रुग्ण सारखेच ठणठणीत होतात. बीपीच्या आणि ऑक्सिजनच्या यंत्रातून आकडा थेट नोंदीत उतरवायचे तंत्र आता नवे राहिलेले नाही. ते आले तर ही शंकाच मिटेल, आणि आमचे लिहिणेही.

पासवर्डचे तर विचारू नका. नियमाने प्रत्येकीचा वेगळा लॉगिन. प्रत्यक्षात वॉर्डभर इन्चार्ज सिस्टरच्या नावाने काम चालते आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला ल्युकोप्लास्टच्या पट्टीवर लिहिलेला असतो. सुरक्षेचे प्रशिक्षण द्यायला येणारे यावर रागावतात. पण दर काही मिनिटांनी स्क्रीन आपोआप बंद होणार, पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड, तोवर चार नंबरचे सलाइन संपलेले. मग दुसरे काय होणार? मनगटावरचे ओळखपत्र टेकवले की स्क्रीन उघडेल, अशी काही सोय करा. पट्टी आपोआप निघेल.

हे एका म्हाताऱ्या सिस्टरचे रडगाणे वाटू नये म्हणून बाहेरचे दाखले देते. अमेरिकेत ॲन हेंड्रिच आणि सहकाऱ्यांनी 36 रुग्णालयांतल्या 767 नर्सेसचा वेळ मोजला. 2008 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात नोंदींवर 35.3 टक्के वेळ गेलेला दिसला, औषधे देण्यावर 17.2 टक्के आणि रुग्णाच्या प्रत्यक्ष सेवेवर 19.3 टक्के. पाठ फिरवून देणे, तोंड पुसणे, धीर देणे, ज्यासाठी लोक आम्हाला सिस्टर म्हणतात, ते सारे त्या एकोणीस टक्क्यांत. तिकडे संगणक आमच्या कितीतरी आधी पोहोचला होता.

संगणकाने भले होते याचाही पुरावा आहे. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात रुग्णाच्या मनगटपट्टीचा आणि औषधाचा बारकोड ताडूनच औषध द्यायची पद्धत सुरू केली. 2010 साली निष्कर्ष आला: वेळ पुढेमागे होण्याच्या चुका सोडल्या तर औषध देतानाच्या इतर चुका 11.5 टक्क्यांवरून 6.8 टक्क्यांवर आल्या. डॉक्टरांच्या ऑर्डरवरून उतरवून घेताना होणाऱ्या चुका तर उरल्याच नाहीत, कारण उतरवून घेणेच उरले नाही. डॉक्टरांचे अक्षर लावण्यात ज्यांचे डोळे गेले त्यांना यातले सुख कळेल.

पण याच बारकोडचा अमेरिकेतल्याच रॉस कॉपेल यांनीही अभ्यास केला होता, 2008 साली. यंत्रणेला वळसा घालून काम उरकायच्या पंधरा वाटा त्यांना सापडल्या. रुग्णाच्या पट्टीचा जादा बारकोड काढून नर्सेस तो ट्रॉलीवर चिकटवत, दाराच्या चौकटीवर चिकटवत, आणि तिथूनच स्कॅन करत. कारणे काय, तर पट्टी ओली होऊन वाचता येत नाही, स्कॅनरची बॅटरी उतरलेली, वायरलेस मध्येच तुटते, औषधावर बारकोडच नाही. हे वाचून मला हसू आले. सिस्टर अमेरिकेतली असो की आमच्या पद्मनाभपूरची, रुग्ण समोर विव्हळत असताना यंत्राची समजूत काढत बसत नाही. त्या पंधरा वाटांना तुमचे लोक शिस्तभंग म्हणतील. मी म्हणेन, प्रणालीत कुठे भोके आहेत त्याची ती आयती यादी आहे, आणि ती फुकट मिळते.

भिलाईत राहणाऱ्याला रुळांचे कौतुक सांगावे लागत नाही. इथल्या कारखान्यात घडणाऱ्या रुळावर हीट नंबर उमटवलेला असतो. तो रूळ भुसावळला पडो की बिलासपूरला, कुठल्या वितळणीतले पोलाद हे त्या आकड्यावरून काढता येते. नंबर एकदा उमटला, पुढे कोणी तो रूळ नव्याने लिहून काढत बसत नाही. माणूस रुग्णालयात येतो तेव्हा त्यालाही नंबर मिळतो. पण तो वॉर्डात पोचतो आणि त्याचे लिखाण पहिल्यापासून सुरू होते: ॲडमिशन रजिस्टर, रिपोर्ट बुक, डायट शीट, औषधांचा इंडेंट, इनटेक-आउटपुट चार्ट, लिननचा हिशेब, रात्री बाराचा सेन्सस. एनएबीएचचे मानांकन घ्यायचे ठरले की पडण्याच्या धोक्याचा फॉर्म, बेडसोरच्या धोक्याचा फॉर्म, वेदनेच्या मापनाचा फॉर्म. आयुष्मानचा क्लेम असेल तर फोटो आणि कागद अपलोड करायला कागद शोधून द्यायचे तेही सिस्टरनेच. डिस्चार्जच्या दिवशी उरलेल्या गोळ्या नि इंजेक्शने मोजून परतीची नोंद टाकेपर्यंत बिल निघत नाही, आणि नातेवाईक समजतात की सिस्टर मुद्दाम अडवून बसली आहे.

नोंदींना माझा विरोध नाही. आमच्या धंद्याची आद्यगुरूच नोंदींची भक्त होती. 1860 साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेसमोर रुग्णालयांच्या नोंदींसाठी एकसारखे नमुने ठेवले ते फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी. त्यांना आकडे हवे होते ते माणसे कशाने मरतात हे कळावे म्हणून. आमच्या रजिस्टरांतले निम्मे आकडे त्या रजिस्टराशिवाय दुसऱ्या कोणाला कळत नाहीत.

रजिस्टर काढा म्हटले की प्रशासनाचे एक ठरलेले उत्तर येते: संगणक बंद पडला तर? भीती खरी आहे. 2022 च्या जुलैत महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली जुनी एचएमआयएस संगणकप्रणाली बंद झाली आणि नागपूरच्या मेडिकल-मेयोसकट सगळीकडे पुन्हा हाताने केसपेपर लिहायची वेळ आली. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातले एवढे मोठे रुग्णालय सुमारे दोन आठवडे कागदावर चालले. पण कधीतरी पडेल म्हणून रोज दोनदा लिहायचे, हा त्यावरचा तोडगा होऊ शकत नाही. दर काही तासांनी प्रत्येक वॉर्डाचे चालू चित्र, म्हणजे कोण रुग्ण, कोणते औषध, शेवटचे कधी दिले, हे वॉर्डातल्याच संगणकात जपून ठेवता येते, छापूनही ठेवता येते. सर्व्हर गेला तर तो कागद हातात घ्यायचा आणि एका ठरलेल्या फॉर्मवर पुढचे लिहायचे. आगीची कवायत करतात तशी याची कवायत करायची. हे सुचवायला मी कोण? तुम्ही संगणकवाले हे माझ्याहून चांगले जाणता. वॉर्डापर्यंत ते आले नाही, एवढेच.

आणि सगळीच रजिस्टरे काढा असेही मी म्हणत नाही. मॉर्फिन-फेंटानिलचे रजिस्टर कायद्याचे आहे. ते दोन कुलपांत राहू द्या.

संगणक नीट केला तर कुठे कामाला येईल ते आता सांगते, नाहीतर माझे पत्र नुसते कुरकुरीचे व्हायचे.

आमच्या पट्ट्यात सिकलसेल आहे. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि इकडे राजनांदगाव, दुर्ग. आजाराला राज्याची सीमा कळत नाही. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले ते याच कारणाने. सिकलसेलची मुलगी क्रायसिसमध्ये येते तेव्हा तिचा हात धरवत नाही. ‘सिस्टर, अब्बड पीरा होवत हे’, एवढेच तिच्या तोंडून निघते. अशा वेळी तिला वेदनाशामक लवकर लागते, सलाइन लागते, ऑक्सिजन बघावा लागतो. आणि आम्ही मात्र तिच्या आईला विचारत असतो: रक्त कितीदा चढवले, कोणत्या औषधाची रिअ‍ॅक्शन, हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का, मागच्या वेळी गोंदियाला काय दिले. आई रडते, पिशवीतून घामट झालेले कागद काढते, त्यातले दोन दुसऱ्याच पोराचे निघतात. आभा क्रमांकाचे चौदा आकडे त्या मुलीकडे आहेत. 27 सप्टेंबर 2021 ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले तेव्हा सांगितले गेले की रुग्णाच्या संमतीने त्याची माहिती एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाईल. गोंदियाची माहिती दुर्गच्या वॉर्डात, सिस्टरच्या समोर, औषध भरायच्या आधी दिसली, तर त्या मुलीची किती तरी मिनिटे वाचतील. आजवर मी आभाचा उपयोग पाहिला तो ओपीडीची रांग मोडण्यापुरता. तोही चांगलाच, पण पुरेसा नाही.

पाळी बदलताना ओव्हर द्यायचे असते. सकाळची सिस्टर दुपारचीला प्रत्येक खाटेचे सांगते. घाईत दहा गोष्टी सांगते आणि अकरावी राहते. दिवसभर जे भरले त्यातून प्रत्येक रुग्णाचे चार ओळींचे ओव्हर संगणकाने आपणहून काढून द्यावे, सिस्टरने त्यावर फक्त तोंडी भर घालावी. तसेच ब्रिटनमधल्या न्यूज स्कोअरचे. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप या सहांना गुण द्यायचे, बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर त्याचेही धरायचे, आणि बेरीज वाढली की रुग्ण खालावतो आहे असे समजायचे. 2012 ला निघाले, 2017 ला सुधारले. हाताने बेरीज करायला लावली तर आणखी एक फॉर्म झाला. संगणकाने केली तर रात्रीच्या एकट्या सिस्टरला बत्तीसांतून आधी कोणाकडे जायचे ते कळते. 500 मिली सलाइन आठ तासांत द्यायचे तर साध्या सेटने मिनिटाला साधारण 21 थेंब पडतात. हा हिशेब मी हजारदा मनात केला असेल, डोळ्यांवर झोप असतानाही. ऑर्डरच्या शेजारी तो छापून आला तर कोणाचे काय जाते?

डिस्चार्जचा कागद इंग्रजीत निघतो. मग प्रत्येक रुग्णाजवळ उभे राहून, ही पांढरी गोळी जेवणाआधी, ही लाल रात्री, हे आम्ही तोंडाने सांगतो आणि पाकिटावर उभ्या-आडव्या रेघा मारून देतो. ज्या संस्थेने ‘जिस्ट’ तंत्राने भारतीय लिप्या संगणकावर रुळवल्या, तिच्या प्रणालीतून निघणारा औषधांचा कागद रुग्णाच्या भाषेत निघावा, ही मागणी काही जगावेगळी नाही. गडचिरोलीला मराठीत द्या, दुर्गला हिंदीत द्या, जमले तर छत्तीसगडीत. समजावणे आम्ही सोडणार नाही, पण घरी गेल्यावर सुनेने वाचून दाखवायला कागद तरी असेल.

बोलले की लिहून घेणाऱ्या यंत्रांविषयी सध्या फार ऐकते. माझी भाची स्टाफ नर्स आहे, तिला त्याचे भारी आकर्षण. येऊ द्या. फक्त त्याची परीक्षा शांत खोलीत घेऊ नका. भेटीच्या वेळेला जनरल वॉर्डात, पंखा खडखडत असताना, मल्याळी सिस्टरच्या हिंदीवर घ्या.

एक धोका आताच सांगून ठेवते. संगणकाने सिस्टरचा वेळ वाचला की कोणीतरी हिशेबनीस म्हणेल, मग दोन पदे कमी करू. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण असे की अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, आयसीयूत एकास एक. एकटी सिस्टर बत्तीस रुग्ण बघते तिथे तुमची प्रणाली कितीही हुशार असली तरी तिला दुसरे दोन हात फुटणार नाहीत. वाचलेला वेळ रुग्णाचा आहे. तो आस्थापना शाखेला द्यायचा नाही. तुमच्या सादरीकरणात ‘मनुष्यबळाची बचत’ अशी ओळ असेल तर ती काढून टाका. ती ओळ दाखवून प्रणाली विकली जाते आणि तिचे बिल आम्ही भरतो.

आता मागणे. रुग्णालयात प्रणाली बसवून झाली की तुम्ही किती रुग्णांची नोंद झाली, किती जणांना प्रशिक्षण दिले, किती मॉड्यूल सुरू झाली हे मोजता. त्यात एक आकडा वाढवा: किती रजिस्टरे बंद झाली. हा आकडा शून्य असेल तर सिस्टरच्या दृष्टीने काम झालेले नाही, मग उद्घाटनाला कोणीही येवो. नर्सिंगचा भाग बनवताना मेट्रनबाईंना मुख्यालयात बैठकीला बोलावता ते ठीकच आहे. पण मेट्रनबाईंनी वॉर्डातले पेन खाली ठेवून बरीच वर्षे झालेली असतात. वॉर्डातली, पाळी करणारी, तीन-चार वर्षे झालेली मुलगी बोलवा, आणि त्या दिवसाची तिची रजा कापू नका.

शेवटची विनंती. तुमच्या अभियंत्यांपैकी दोघांना एका रात्रीसाठी कुठल्याही जिल्हा रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात पाठवा. कॉम्प्युटरसमोर बसवू नका, रात्री आठ ते सकाळी आठ सिस्टरच्या मागे उभे राहू द्या. ती एकाच रुग्णाचे नाव किती ठिकाणी लिहिते ते त्यांनी मोजावे. सकाळी त्यांनी तिलाच विचारावे की पहिले कोणते रजिस्टर बंद करू, आणि ते बंद झाल्याचा लेखी आदेश रुग्णालयाकडून घेऊनच परतावे. मला विचाराल तर सॅम्पल रजिस्टरपासून सुरुवात करा. लेबल-प्रिंटर तेवढा वॉर्डात ठेवा.

कळावे,

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स
मोहन नगर